सोन्याचा वर्ख उजेडासमोर हिरवा का दिसतो?

प्रश्न : सोन्याचा वर्ख खिडकीसमोर धरून पाहिला, तर पलीकडचा उजेड हिरवट दिसतो. सोने पिवळे असताना असे का व्हावे? वर्खाला पडलेल्या बारीक छिद्रांमुळे हे होते का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : छिद्रांचा येथे संबंध नाही, कारण छिद्रांतून आलेला उजेड पांढराच दिसला असता. आपण पाहिलेला हिरवा उजेड प्रत्यक्ष सोन्यातून पार झालेला असतो. ठोकून केलेल्या वर्खाची जाडी सुमारे १०० नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), म्हणजे दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही बरीच कमी असते.

सोन्यातील मोकळे इलेक्ट्रॉन तांबड्या-पिवळ्या प्रकाशाला चटकन प्रतिसाद देऊन त्याचा बहुतेक भाग परत फेकतात, तर निळ्या-जांभळ्या प्रकाशात अधिक घट्ट बांधलेल्या इलेक्ट्रॉनांना वरच्या पातळीवर नेण्याइतकी ऊर्जा असल्यामुळे तो मोठ्या प्रमाणात शोषला जातो. या दोहोंच्या मध्ये, ५०० नॅनोमीटरच्या आसपास तरंगलांबी असलेल्या हिरवट प्रकाशासाठी, दोन्ही अडथळे त्यातल्या त्यात सौम्य असतात. तेथे प्रकाशाची तीव्रता साधारण २० नॅनोमीटर अंतरात एक-तृतीयांशाच्या जवळपास येते आणि वर्खापलीकडे जेमतेम एखादा टक्का पोचतो. तांबडा प्रकाश त्याहून लवकर विझतो. चांदीचा अतिपातळ थर याच परीक्षेत निळसर दिसतो.

मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या प्रयोगांत याहून मौजेची गोष्ट आहे. काचेवरचा सोन्याचा पातळ पापुद्रा तापवला की तो वितळण्याच्या कितीतरी आधीच त्याचा हिरवा रंग नाहीसा होई आणि अकीकासारख्या कठीण दगडाने दाबून घासले की तो परत येई. सोने तेच, वजन तेच, तरी रंग बदले. आज याचा उलगडा सोपा वाटतो : उष्णतेने सलग थर फाटून त्याची सूक्ष्म बेटे होतात आणि बेटात कोंडलेले इलेक्ट्रॉन एका ठरावीक लयीत मागेपुढे हेलकावतात. गोलसर, सुट्या कणांत ही लय ५२० नॅनोमीटरच्या आसपासच्या, म्हणजे नेमक्या हिरव्या प्रकाशाशी जुळते. त्यामुळे तोच अडतो आणि पार होणाऱ्या उजेडात माणकासारखी लाली उरते. बेटे चपटी किंवा एकमेकांना खेटून असतील, तर शोषण तांबड्या बाजूला सरकून थर निळसर-जांभळा दिसतो. दाबाने बेटे पुन्हा जोडली गेली, की इलेक्ट्रॉनांना थरभर वाट मोकळी होते आणि हिरवा रंग परततो.