इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, शिकायला लागलायस? मेंबरशिप नंतर, आधी गाइडलाइन वाच

अमेरिकन सोसायटी ऑफ एकोकार्डिओग्राफीची मेंबरशिप घे, ट्रेनीला फी कमी पडते, पण त्याआधी त्यांच्या गाइडलाइन्स वाच, साइटवर फुकट आहेत. १९७५ ची संस्था, डॉक्टरांसोबत सोनोग्राफरही मेंबर असतात आणि मला तिचं हेच सगळ्यात जास्त आवडतं, कारण प्रोब ज्याच्या हातात असतो त्याचंही ऐकलं गेलंच पाहिजे ना.

सुरुवात २०१५ च्या चेंबर क्वांटिफिकेशनच्या, म्हणजे हृदयाचे कप्पे मोजायच्या गाइडलाइनपासून कर, युरोपवाल्यांसोबत मिळून केलंय. त्यात नॉर्मल ईएफ (दर ठोक्याला डावा खालचा कप्पा त्यातलं किती टक्के रक्त बाहेर टाकतो ते) पुरुषांत ५२ ते ७२ टक्के आणि बायकांत ५४ ते ७४, आणि आपल्याकडे बरेच जण सगळ्यांना एकच आकडा लावून मोकळे होतात. बायप्लेन सिम्पसन (दोन व्ह्यूंवरून कप्प्याचं व्हॉल्यूम काढायची पद्धत) करताना एपेक्स, म्हणजे हृदयाचं टोक, गोल आणि जाड दिसला, आणि चांगला हलतोय असं वाटलं, तर समज व्ह्यू फोरशॉर्टन झालाय, म्हणजे कप्पा आहे त्यापेक्षा आखूड दिसतोय, व्हॉल्यूम कमीच येणार. पेशंटला नीट डाव्या कुशीवर घे, प्रोब बरगड्यांमधली एक स्पेस खाली सरकव, मगच पोकळीची कड ट्रेस कर. पॅपिलरी मसल (व्हॉल्व्हच्या दोऱ्या धरणारे स्नायू) पोकळीतच धरायचे बरं का.

आणि इथल्या इंडियन अकॅडमी ऑफ एकोकार्डिओग्राफीलाही जॉइन हो, आपल्याकडचे रुमॅटिक तापाने व्हॉल्व्ह खराब झालेले पेशंट रोज बघणारी माणसं तिथेच भेटतील.