माइकवर नवे हॅम: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचालकाचा, रिस्ट्रिक्टेड ग्रेडचा परवाना नुकताच हाती आला आहे. हातातल्या व्हीएचएफ सेटवरून जवळच्या रिपीटरवर (सिग्नल उचलून पुन्हा प्रक्षेपित करणाऱ्या स्टेशनवर) बोलतो, पण दर वेळी "कॉलसाइन अर्धाच आला, पुन्हा सांगा" असं उत्तर येतं (कॉलसाइन म्हणजे परवान्यासोबत मिळालेलं ओळखचिन्ह). सेट नवा आहे, बॅटरी भरलेली असते. बिघाड कुठे असेल?

उत्तर: बहुधा बिघाड नाहीच. तुम्ही पीटीटी (बोलण्यासाठीचं बटण) दाबता त्याच क्षणी बोलायला लागत असाल. बटण दाबल्यावर तुमचा ट्रान्समीटर चालू होतो, रिपीटरचा रिसीव्हर तुमच्या सिग्नलमधला सबऑडिबल टोन (कानाला न जाणवणारा ओळखीचा स्वर) ओळखतो, मग त्याचा ट्रान्समीटर उठतो आणि शेवटी ऐकणाऱ्याच्या सेटचा स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर दाबणारी व्यवस्था) उघडतो. त्याचा सेट बॅटरी वाचवण्यासाठी अधूनमधून झोपत असेल, तर आणखी थोडा वेळ जातो. या साखळीत अर्धा-पाऊण सेकंद सहज जातो आणि तेवढ्यात तुमचं "व्हिक्टर युनिफॉर्म" (कॉलसाइनची सुरुवातीची व्ही-यू ही अक्षरं) हवेत विरलेलं असतं. बटण दाबा, मनात "एक" म्हणा, मग बोला. शेवटचा शब्द पुरा झाल्यावरच बोट उचला.

माइक तोंडापासून साधारण पाच सेंटिमीटरवर आणि किंचित तिरका धरा. समोर धरला की प, फ, भ यांचा श्वास थेट त्यावर आदळतो. मोठ्याने ओरडून एफएमवर पल्ला वाढत नाही. सेटमधला लिमिटर आवाजाचा माथा कापतो आणि बोलणं फाटकं ऐकू जातं. अँटेना उभी ठेवा. रिपीटरची अँटेनाही उभीच असते, आपली आडवी झाली की सिग्नल बराच पडतो.

रिपीटर उघडतच नसेल, तर ऑफसेट (रिपीटर ऐकतो ती इनपुट आणि प्रक्षेपित करतो ती आउटपुट फ्रिक्वेन्सी यांतला फरक) आणि टोन तपासा. दोन मीटर बँडवर इनपुट बहुधा आउटपुटपेक्षा ६०० किलोहर्ट्झ खाली असतं. तपासणीसाठी नुसतं बटण दाबून सोडू नका. कॉलसाइनविना केलेलं प्रक्षेपण नियमात बसत नाही आणि ऐकणाऱ्या सगळ्यांना त्रास होतो. कॉलसाइन सांगून "टेस्टिंग" म्हणा.

समोरच्याचं बोलणं संपल्यावर लगेच बटण दाबण्याची सवयही मोडायला हवी. दोन सेकंद जाऊ द्या. त्या फटीत एखाद्याला तातडीचा निरोप देता येतो. शिवाय बऱ्याच रिपीटरांना टाइमर असतो, अनेकदा तीन मिनिटांचा. शेपटीचा टोन (बोलणं संपल्यावर रिपीटर देतो ती बीप) वाजण्याआधीच पुढचा माणूस सुरू झाला, तर काही रिपीटरांवर तो टाइमर पुन्हा शून्यावर येत नाही. मग मध्येच रिपीटर बंद पडतो आणि तुम्ही मात्र बोलतच राहता.

प्रश्न: कॉलसाइन सांगताना "व्ही फॉर वसई" असं म्हटलं तर चालेल का? मित्रमंडळी मराठीच आहेत.

उत्तर: गप्पा खुशाल मराठीत मारा, पण कॉलसाइन आंतरराष्ट्रीय वर्णमालेतच सांगा. एसएसबीवर (सिंगल साइडबँड, लांब पल्ल्याच्या बोलण्याची पद्धत) आवाजाचा साधारण ३०० ते २७०० हर्ट्झचा पट्टाच पोचतो. एस आणि एफ यांतला फरक बराचसा त्याच्या वर असतो, म्हणून तो कापला जातो. बी, सी, डी, ई, जी, पी, टी, व्ही ही अक्षरं तर शेवटी सारखीच "ई" वाजतात. अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही १९५६ पासून विमान वाहतुकीत रूढ असलेली वर्णमाला जगभरच्या हॅमच्या कानात बसली आहे. खरखरीत "…निफॉर्म" एवढंच ऐकू आलं तरी समोरचा यू लिहून घेतो. "वसई"चा "…सई" उरला, तर तो काय लिहिणार?

आकडेही सुटे सांगा. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे खरखरीत एकसारखेच ऐकू येतात. ५९ हा सिग्नलचा रिपोर्ट (वाचनीयता पाच, ताकद नऊ) "पाच नऊ" किंवा "फाइव्ह नाइन" म्हणा.

प्रश्न: चाळीस मीटरवर (७ मेगाहर्ट्झच्या बँडवर) सीक्यू, म्हणजे "कोणीही उत्तर द्या" अशी हाक, देऊन थकलो, कोणी उत्तर देत नाही. नीट पद्धत काय?

उत्तर: सुरुवात ऐकण्यापासून करा. निवडलेल्या जागी एक-दोन मिनिटं काहीच ऐकू आलं नाही, तरी ती मोकळी असेलच असं नाही. एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात) बोलणाऱ्या दोघांपैकी एकच तुमच्यापर्यंत पोचत असेल आणि तोही त्या वेळी ऐकत असेल. म्हणून कॉलसाइन सांगून "इज धिस फ्रिक्वेन्सी इन यूज?" असं विचारा, पाच सेकंद थांबा, पुन्हा विचारा. दोन्हीदा शांतता असेल तरच तीनदा सीक्यू, दोनदा कॉलसाइन वर्णमालेत, आणि "स्टँडिंग बाय". एवढं अर्ध्या मिनिटात आटपा आणि दहा सेकंद कान द्या. लांबलचक सीक्यू ऐकून माणूस पुढे सरकतो; उत्तर न मिळण्याचं हे फार मोठं कारण आहे.

मोड एलएसबी (लोअर साइडबँड) आहे ना, हे पाहा. १० मेगाहर्ट्झखाली आवाजासाठी एलएसबी आणि वर यूएसबी (अपर साइडबँड) वापरण्याची जुनी प्रथा आहे. एलएसबीत तुमचा आवाज डायलवरच्या आकड्याच्या खाली तीन किलोहर्ट्झपर्यंत पसरतो. डायल ७.००१ वर ठेवलं, तर आवाज बँडबाहेर जातो. यूएसबीवर नेमकं उलट: १४.३५० च्या कडेला डायल १४.३४७ च्या वर नेऊ नका.

माइक गेन एवढाच ठेवा की जोराच्या शब्दांवर एएलसीचा (ट्रान्समीटरची ताकद आपोआप आवरणाऱ्या यंत्रणेचा) काटा खुणेच्या पट्ट्यातच हलेल. तो पट्ट्याबाहेर गेला, तर आवाज मोठा होत नाही, शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर मात्र पसरतो.

कोणी उत्तर दिलं की त्याला खरा रिपोर्ट द्या. नाव तीनदा विचारावं लागलं असेल, तर वाचनीयता पाच नाही, तीन. सगळ्यांना फाइव्ह नाइन वाटलं, तर समोरच्याला आपली अँटेना सुधारायची संधीच मिळत नाही.

प्रश्न: चालू गप्पांत शिरताना "ब्रेक" म्हणायचं ना?

उत्तर: नको. फटीत फक्त कॉलसाइन सांगा, ते बोलावतील. "ब्रेक ब्रेक" अपघात-आजारपणासाठी राखून ठेवा. "क्यूआरझेड" म्हणजे "मला कोण बोलावतंय?", कोणी हाक मारलीच नसेल, तर तो वापरू नका. निरोप घेताना "सेव्हन्टी थ्री" म्हणा. त्यातच "शुभेच्छा" हे अनेकवचन आहे, त्याला "थ्रीज्" असा "ज्" जोडण्याची गरज नाही.