साताऱ्यात पोलीस भरतीची तयारी करणारा माझा वीस वर्षांचा भाऊ सिगारेट ओढायला लागलाय. सोडतो म्हणतो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. मुलांना हे लागतं कसं आणि सुटत का नाही?

तिसऱ्या दिवशीच अडतंय, कारण पहिले दोन-तीन दिवसच सगळ्यात अवघड असतात. झुरका घेतला की दहा-वीस सेकंदांत निकोटीन मेंदूत पोचतं आणि साधारण दोन तासांत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. मग तलफ, चिडचिड, झोपेचं खोबरं. हे सगळं ओसरायला दोन ते चार आठवडे लागतात. घरात कुणी त्याला 'मनाचा कच्चा' म्हणत असेल तर ते आधी थांबवा.

सुरुवात बहुतेक चहाबरोबर होते. अजिंक्यताऱ्याच्या चढावर धावून झालं की घोळका टपरीवर. चौघांत एक सिगारेट, दोरीला टांगलेला लायटर, वास जावा म्हणून वर बडीशेप. पाकीट घ्यावं लागत नाही, म्हणून 'मी कुठे रोज ओढतो' असं वाटत राहतं. सुटी सिगारेट विकायला महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे, पण ती कागदावरच राहते याचा मला मनापासून राग येतो.

आता सोडण्याचं. रोज एकेक कमी करायच्या भानगडीत पडू नका. उरलेल्या सिगारेटी मुलं जास्त खोल ओढतात. एक दिवस ठरवून पूर्ण बंद, आणि त्या दिवसापासून २ मिलिग्रॅमचा निकोटीन गम. मेडिकलमध्ये मिळतो. उठल्यापासून अर्ध्या तासात सिगारेट लागत असेल, तर ४ मिलिग्रॅमबद्दल डॉक्टरांना विचारा. गम फसतो तो चघळण्यात. साध्या च्युइंगमसारखा चावला की निकोटीन पोटात जातं, उचक्या लागतात, मळमळतं आणि पोरगा गम फेकून देतो. हळू चावायचा, जिभेला चुरचुरलं की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा, चव गेली की पुन्हा चावायचा. असा अर्धा तास. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि तो तोंडात असताना चहा नको, नाहीतर निकोटीन नीट शोषलं जात नाही. पहिले सहा आठवडे एक-दोन तासांनी एक, मग कमी करत साधारण बाराव्या आठवड्याला बंद.

चहाही निम्मा करा. सिगारेट सुटली की कॅफीन शरीरात जास्त वेळ टिकतं. तेवढ्याच चहाने छातीत धडधडतं आणि मुलाला वाटतं, सिगारेट नाही म्हणून होतंय. पहिला महिना चहा घरीच, टपरीवर नाही.

तलफ काही मिनिटांत उतरते. तेवढ्यात पाणी प्यावं, जागा सोडावी. त्या वेळी मावा मात्र हातात येऊ देऊ नका. सिगारेट सोडायला मावा धरलेली मुलं आपल्याकडे गल्लोगल्ली दिसतात. निकोटीन तेच आणि वर तोंडाच्या कॅन्सरचा धोका.

त्याला भरतीतल्या १६०० मीटर धावण्याच्या भाषेत सांगा, पटेल. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या ऑक्सिजनची जागा अडवतो आणि बंद केल्यावर एक-दोन दिवसांत निघून जातो. नंतर काही आठवडे खोकला, कफ वाढू शकतो. फुप्फुसं स्वतःला साफ करत असतात, तेव्हा घाबरून पुन्हा सुरू करू नये. खोकल्यातून रक्त आलं किंवा दम लागायला लागला तर मात्र थेट डॉक्टर.

मध्येच एखादी ओढली गेली तरी गम चालू ठेवायचा आणि त्याच दिवशी १८००-११-२३५६ ला फोन लावायचा. ही तंबाखू सोडवण्यासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, पैसे पडत नाहीत. फोन त्याने स्वतः करावा, तुम्ही त्याच्या वतीने नको.