मिग-२३ या सोव्हिएत लढाऊ विमानाचे हलते पंख मागे वळले की खालची इंधनटाकी तिरकी होत नाही का?

होते की! म्हणूनच पंखाखाली टाक्या असेपर्यंत वैमानिक पंख मागे घेतच नसे.

मिग-२३ चे पंख १६, ४५ आणि ७२ अंशांवर ठेवता येत. हलणाऱ्या पंखाखाली ८०० लिटरची एकेक टाकी लागायची, पण तिचा पायलॉन (टाकी किंवा शस्त्र अडकवायचा खांब) घट्ट बसवलेला, पंखाबरोबर फिरणारा. पंख १६ अंशांवर पसरलेले असले तरच टाकीचं नाक समोर. त्यामुळे लांबच्या प्रवासात आधी हे इंधन संपवायचं, मग टाकी पायलॉनसकट खाली टाकायची आणि तेव्हा कुठे पंख मागे. खर्चिक प्रकार, पण यंत्रणा साधी. पोटाखालच्या तिसऱ्या ८०० लिटरच्या टाकीला ही अडचण नव्हती.

शस्त्रं मात्र न हलणाऱ्या भागावर: पंखाच्या मुळाशी आर-२३ किंवा आर-२४ क्षेपणास्त्रं, पोटाखाली छोटी आर-६०.

हलत्या पंखांच्याच सुखोई-१७ या सोव्हिएत विमानात प्रश्नच सौम्य होता. पंखाचा फक्त बाहेरचा तुकडा हलायचा, त्यामुळे बॉम्ब-टाक्या आतल्या स्थिर भागाखाली. सुखोई-२४ ला तर बाहेरचे पायलॉनच फिरते दिले, पंख कुठेही असो, बॉम्ब सरळच. त्याच्या ३००० लिटरच्या दोन मोठ्या टाक्या मात्र पंखाच्या स्थिर मुळाखालीच लागतात.

जाता जाता, मिग-२३ चाच भाऊ मिग-२७ आपल्या नाशिकजवळ ओझरला एचएएल (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) कारखान्यात बनायचा. हवाई दलातून तो डिसेंबर २०१९ मध्ये जोधपूरला निवृत्त झाला.