कार्बोसिलेन डेंड्रिमर पहिल्यांदा करताना

कार्बोसिलेन डेंड्रिमर म्हणजे गाभ्यापासून थराथराने वाढवलेला, सिलिकॉन-कार्बनच्या फांद्यांचा झाडासारखा रेणू. गाभ्यासाठी टेट्राअलाइलसिलेन घे (अलाइल म्हणजे टोकाला दुहेरी बंध असलेली तीन कार्बनची फांदी) आणि हायड्रोसिलेशनला, म्हणजे त्या दुहेरी बंधावर Si–H जोडायला, डायक्लोरोमेथिलसिलेन वापर. टोकं थरागणिक ४, ८, १६ अशी वाढतात. ट्रायक्लोरोसिलेनने ती ४, १२, ३६ होतात. गर्दी लवकर होते आणि अर्धवट फांद्या राहतात. शिवाय ट्रायक्लोरोसिलेनचा उत्कलनबिंदू ३२ अंश, म्हणजे गोव्याच्या एप्रिल-मेमध्ये बाटली उघडताच वाफ! फ्यूम हूडबाहेर त्याला हातही लावू नकोस.

खरा शत्रू दमट हवा. Si–Cl बंधाला ओलावा लागला की HCl सुटतो आणि सिलोक्सेनची (Si–O–Si) जोडणी होऊन चिकट गोळा उरतो. जून ते सप्टेंबर गोव्यातल्या ताळगावच्या पठारावर काचसामान नुसतं धुऊन वाळवलेलं चालणार नाही. १२० अंशांच्या ऑव्हनमध्ये रात्रभर ठेव आणि गरम असतानाच नायट्रोजनखाली जोड.

हायड्रोसिलेशनला कार्स्टेड उत्प्रेरकाचे (प्लॅटिनमचा असतो) एक-दोन थेंब पुरतात. प्रोटॉन एनएमआरमध्ये (रेणूतल्या हायड्रोजनचे संकेत दाखवणारी चाचणी) ५ आणि ५.८ पीपीएमजवळचे अलाइलचे संकेत पूर्ण गेले की जादा सिलेन निर्वातात काढ. तयार झालेलं क्लोरोसिलेन साठवून ठेवू नकोस. त्याच दिवशी, बर्फात थंड करून, अलाइल ग्रिन्यारमध्ये (अलाइलचं मॅग्नेशियम संयुग) सोड, म्हणजे Cl च्या जागी पुढच्या थराची अलाइल टोकं बसतात. ग्रिन्यार १०-२० टक्के जास्त घे. तो स्वतः करणार असशील तर अलाइल ब्रोमाइड अगदी सावकाश टाक, नाहीतर दोन अलाइल एकमेकांनाच जोडून १,५-हेक्झाडाइनच जास्त मिळेल.

सांध्यांना सिलिकॉन ग्रीस मात्र नको. त्याचा ०.१ पीपीएमजवळचा संकेत तुझ्या Si–CH₃ च्या शेजारीच येतो आणि नवखा माणूस हमखास फसतो.

पुढे टोकांवर धातूचे उत्प्रेरक बसवता येतात. निकेलचं तसं उदाहरण १९९४ पासून आहे.