कापडात कापूस भरून प्राण्यांची मोठी शिल्पं करायची आहेत. शिवणाचे कोणते प्रयोग करून पाहू? भरल्यावर आकार बिघडतो तो का? आणि मशीन कोणतं घेऊ?

आकार भरताना बिघडत नाही, तो कापतानाच बिघडलेला असतो. सुरकुत्या पडल्या की आणखी कापूस कोंबा, असं तुम्हाला शंभर जण सांगतील. कोंबून लोड होतो, बैल होत नाही. बैल म्हणतेय, कारण मी बैलच शिवला होता.

मी इचलकरंजीची, ब्लाऊज शिवते. २०११ साली गावातल्या एका हौशी नाटकाला रंगमंचावर बसलेला बैल हवा होता, साडेपाच फूट लांब. नेपथ्य करणाऱ्यांनी चित्र आणून दिलं. चित्र देखणं होतं, पण एका बाजूने काढलेलं. मी तेच मोठं करून मांजरपाटाचे दोन तुकडे कापले, कडेने टीप मारली, उलटवून भरलं. झाली बैलाच्या आकाराची उशी! पाठीला धार, कपाळाला धार, आणि मानेच्या वळणावर नुसत्या चुण्या.

त्या रात्री ते उसवत बसले तेव्हा कळलं. दोन सपाट तुकडे एकमेकांना जोडले की शिवणीपाशी जाडी उरतच नाही. मध्ये कापड फुगतं, फुगायला कडेचं कापड आत ओढतं, आणि शिवणीची लांबी तर तेवढीच राहते. मग ती आक्रसते. तुमच्या सुरकुत्या तिथून येतात.

दुसऱ्या खेपेला नाकापासून शेपटीपर्यंत मध्ये एक पट्टी घातली. नाकाशी ५ इंच, कपाळावर ९, मानेवर पुन्हा ७, पाठीवर १६. वशिंड वेगळं कापलं, मोसंबीच्या फोडींसारख्या चार पाकळ्या जोडून. आत वळणाऱ्या शिवणीला मायेत, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेल्या कापडात, कात्रे आणि बाहेर वळणारीला तिकोनी खाचा, हे तुम्ही करत असालच. पाय मात्र तिसऱ्या खेपेला जमले. सरळ पाय शिवून दुमडला की गुडघ्याच्या आत बोळा होतो. म्हणून दुमडीच्या आतल्या अंगाला डार्ट घेतले, ब्लाऊजला घेतो तसेच. खरं सांगू का, जिला कटोरी ब्लाऊज नीट बसवता येतो तिला गोलाई कुणी शिकवायला नको. सपाट कापडातून उंचवटा काढायचा, एवढंच तर आम्ही रोज करतो.

गळ्याखालच्या पोळीला उलट सुरकुत्याच हव्या होत्या. ती उरेब, म्हणजे कापडावर तिरकी, कापली, जेमतेम भरली, आणि गोधडीसारखा उभा धावदोरा घालून दोरा थोडा ओढत गेले. बैलाची पोळी लोंबते तशी लोंबली. डोळ्यांसाठी मोचीकडचा मेणाचा दोरा दाभणात ओवून एका डोळ्यातून दुसऱ्या डोळ्यात आरपार नेला आणि आवळला, की खोबण आपोआप झाली. हा प्रयोग आधी करून पाहा. भरलेल्या अंगात सुई घालून दोरा ओढला की ओठ, नाकपुड्या, खुराची फट, सगळं काढता येतं. एवढं नुसत्या कापण्याने जमत नाही.

नाटकाच्या दिवशी हस्तपत्रिकेत ‘बैल’ या शब्दापुढे नाव नेपथ्य करणाऱ्यांचं. माझं नाव शेवटच्या ओळीत, ‘शिवणकाम सहकार्य’ म्हणून, मंडपवाल्याच्या शेजारी. मी विचारलं तर म्हणाले, ‘ताई, कल्पना आणि चित्र माझं, तुम्ही फक्त शिवलंत.’ त्या चित्रात पाठ नव्हती. बैलाची पाठ १६ इंच रुंद आहे हे मी ठरवलं, दोन बैल उसवून ठरवलं. शिल्प म्हणजे जाडी, आणि ती सगळी माझ्या कात्रीतून आली होती. ‘फक्त शिवलंत’ हा शब्द मला आजही बोचतो.

हे आपल्याकडेच घडतं असंही नाही. क्लेस ओल्डनबर्ग या अमेरिकी शिल्पकाराचा १९६२ मधला ‘फ्लोअर बर्गर’ आता टोरांटोच्या आर्ट गॅलरी ऑफ ओंटारिओत आहे. कॅनव्हासचा, सात फूट रुंद, आत फोम आणि पुठ्ठ्याची खोकी. त्यांची त्या काळातली कितीतरी कापडी शिल्पं शिवली त्यांच्या तेव्हाच्या पत्नीने, पॅटी यांनी. शिल्पाखाली नाव ओल्डनबर्गांचं. कल्पना त्यांची होती, मान्य. पण कॅनव्हासचा पाव फुगीर दिसावा म्हणून कुणाच्या बोटांना सुया टोचल्या असतील?

म्हणून कुणासाठी करून देणार असाल, तर नाव कुठे आणि कसं येणार ते कापड कापायच्या आधी बोलून घ्या. आणि पोट बंद करण्याआधी आतल्या बाजूला आपलं नाव दोऱ्याने काढा. मला हे उशिरा सुचलं.

मशीनचं म्हणाल तर घरात असेल ते चालेल, माझं पायमशीनच आहे. टाका बारीक ठेवा, इंचाला १२ ते १४, नाहीतर भरताना शिवण दात विचकते. कोरा मांजरपाट आधी धुवा, खळ निघते आणि आटायचा तेवढा आटतो. मोठ्या कामात नुसता कापूस नको, जड होतो आणि पावसाळ्यात दमट. मी आत चिंध्या आणि बाहेरून दोन इंच रेक्रॉन, म्हणजे उशीत भरतात तो पॉलिएस्टरचा कापूस, भरलं होतं. लहान मुलांसाठी करत असाल तर बटणाचे डोळे लावू नका.

एक राहिलं. शिंगांची ठेवण मात्र चित्रातलीच होती, ती मला सुचली नसती. बैल अजून मंडळाच्या माळ्यावर आहे. मागच्या वर्षी शेपटीपाशी शिवण उसवली म्हणून निरोप आला, तेव्हा जाऊन शिवून आले. वशिंड अजून जसंच्या तसं उभं आहे.