फी 1.6 लाख आणि विमा भलत्याच्याच नावावर

वणीहून एका वाचकाचं पत्र आहे. वय 44, कोळसा खाणीत ठेकेदाराकडे डंपर चालवतात, हातात महिना 32 हजार. घरी पत्नी, म्हातारी आई, दोन मुलं. थोरला 17 वर्षांचा, दहावी झालाय, बारावीत मन रमत नाही. त्याला जेसीबी-पोकलेनचा मेकॅनिक व्हायचंय. नागपूरची एक खासगी संस्था सहा महिन्यांच्या कोर्सचे 1 लाख 60 हजार मागते, वर 'गल्फमध्ये 80 हजारांची नोकरी पक्की' म्हणते. मुलाच्या पॉलिसीवर कर्ज काढून फी भरू का, एवढाच प्रश्न.

नाही. पोराची निवड मात्र चांगली आहे. सरकारी आयटीआयमध्ये 'मेकॅनिक डिझेल' हा एक वर्षाचा ट्रेड दहावीवर मिळतो, फी काही हजारांत आटोपते. मग एखाद्या डीलरच्या वर्कशॉपमध्ये अप्रेंटिसशिप, तीही स्टायपेंड घेऊन. हायड्रॉलिक पंप खोलणं, सिलिंडरची सील किट बदलणं, लॅपटॉप लावून एरर कोड वाचणं, हे तिथेच अंगवळणी पडतं. 1 जानेवारी 2025 पासून चाकांच्या बांधकाम यंत्रांना सीईव्ही-5 हे धूर-प्रदूषणाचे निकष लागलेत. ज्याला सेन्सर आणि वायरिंग कळत नाही त्याला नव्या मशीनला कोण हात लावू देईल? तुम्ही पाठवलेल्या माहितीपत्रकात तर रंगवलेलं एक जुनं इंजिन तेवढं दिसतं. आणि परदेशी पाठवणाऱ्या नोंदणीकृत एजंटलाही 30 हजार अधिक जीएसटी याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. 80 हजारांच्या नोकरीचं विसरा.

पण जाता जाता तुम्ही जे लिहिलंय ते फीपेक्षा गंभीर आहे: 'माझा वेगळा विमा नाही, मुलाचा आहे.' वर्षाला 48 हजार, सात हप्ते भरून झाले, 8 लाखांचा विमा, आणि तो कमवत्या बापाचा नाही, शाळकरी पोराचा! उद्या खाणीत तुमचं काही बरंवाईट झालं तर या पॉलिसीतून घरात काय येणार? काही नाही. उलट हप्ता तेवढा मागे राहील. विकणाऱ्याला हे कळत नव्हतं असं मला वाटत नाही.

विकणाऱ्याने 20 वर्षांनी 15 लाख सांगितलेत. भरणार 9.6 लाख, परतावा जेमतेम 4 टक्के. हेच पैसे पीपीएफमध्ये आजच्या 7.1 टक्क्यांनी 21 लाखांवर जातात.

म्हणून पॉलिसी सरेंडर करायला, म्हणजे मोडायला, धावू नका. 3.36 लाख भरून 1.9 लाख हातात येतील, दीड लाखांवर पाणी. पॉलिसी पेड-अप करा: हप्ता बंद, विमा घटून साधारण 2.8 लाख, जमलेला बोनस मुदतीअखेर मिळेल. सुटलेल्या 48 हजारांतून आधी तुमच्या नावाचा टर्म विमा (माणूस गेला तरच घराला पैसे देणारा), 30 ते 50 लाख जेवढा देतील तेवढा. 15-20 हजार धरून चला. सप्टेंबर 2025 पासून त्यावर जीएसटी नाही. उरलेल्यातून घराचा आरोग्य विमा आणि पोराचा पाना-पेटीचा खर्च. तोवर, याच आठवड्यात, बँकेत जाऊन सरकारी जीवनज्योती विम्याचे 436 आणि सुरक्षा (अपघात) विम्याचे 20 रुपये भरा.

टर्मची पॉलिसी हातात येईपर्यंत जुन्या पॉलिसीला हात लावू नका. अर्जात डंपर चालवतो हे स्पष्ट लिहा, आणि तंबाखूचा खर्रा खात असाल तर तेही. हप्ता वाढेल, वाढू द्या. लपवलंत तर क्लेमच्या वेळी कंपनी नेमकं त्यावरच बोट ठेवेल, आणि उत्तर द्यायला तुम्ही नसाल.